वीट थापणाऱ्यांची शाळा

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मे रोजी नेहरू चौक परिसरातील इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असे करीत सारे थेट तळमजल्यापर्यंत आले आणि सात माणसे प्राणास मुकली. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा तसेच घडले. दर वेळी ठरलेला क्रम पार पडला. अग्निशमन दल आले, मदतीची घोषणा झाली, उरलेल्या इमारतींना तपासणीच्या नोटिसा गेल्या आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सर्वांना विसर पडला.

हा प्रश्न नवा नाही. उच्च न्यायालयाने उल्हासनगरातील ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला तेव्हा राज्य सरकारने २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. रहिवाशांस रस्त्यावर काढू नये ही भूमिका रास्तच होती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत ज्यांनी संसार मांडले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी ज्या वस्तीस उल्हासनगर हे नाव दिले, तेथील कुटुंबांस दुसऱ्यांदा निर्वासित करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु कायद्याने इमारत अधिकृत होते. सळईला चढलेला गंज अधिकृत-अनधिकृत असा भेद जाणत नाही.

स्लॅब का कोसळतो? सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन काँक्रीट घट्ट होते. त्या क्रियेस लागते त्याहून अधिक पाणी ओतले की माल चटकन पसरतो, काम लवकर उरकते. हे जादा पाणी मागाहून उडून जाते आणि आत असंख्य बारीक पोकळ्या ठेवून जाते. त्या वाटेने हवा आणि ओल सळईपर्यंत पोचते. रेती खाडीची व न धुतलेली असेल तर तिच्यातील मीठ हेच काम अधिक त्वरेने करते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असते. तो आतून काँक्रीट रेटतो, भेगा पडतात, पोपडे सुटतात. घरातला माणूस त्यावर प्लास्टर करून घेतो व रंग देतो. वस्तुतः इमारतीने दिलेली ती पूर्वसूचना असते. शिवाय स्लॅब टाकल्यावर तो निदान आठवडाभर, शक्य तर अधिक काळ, ओला ठेवावयाचा असतो. जेथे पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागतो तेथे कंत्राटदार कोठे काटकसर करील, हे सांगावयास नको.

यात गूढ असे काहीच नाही. आठवीच्या मुलास समजेल इतके हे सोपे रसायनशास्त्र आहे. प्रश्न असा की त्या इमारतींशी संबंधित कोणास ते ठाऊक होते? अभियंत्यास होते. बांधणाऱ्या मालकास पुरेसे होते. ज्या बिगाऱ्याने घमेली वाहिली त्यास नव्हते आणि आयुष्याची पुंजी घालून ज्याने तिथे दोन खोल्या घेतल्या त्यासही नव्हते. संपत्तीचे वाटप विषम असते हे आपण नित्य सांगतो. ज्ञानाचे वाटपही तितकेच विषम असते, आणि त्यापायीही माणसे मरतात, हे मात्र आपण क्वचितच सांगतो.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बांधकाम व विज्ञान प्रत्यक्ष हातांनी शिकवणारी, वस्तीच्या सहभागाने चालणारी शाळा उभी राहावी आणि पक्षाने तिच्या पाठीशी उभे राहावे, असे आम्हांस वाटते. असे म्हटले की आपल्यातीलच काही जुने सहकारी नाराज होतात. शाळा काढणे हे धर्मादाय संस्थांचे काम. पक्षाने संघर्ष करावा, असे त्यांचे म्हणणे असते. या सहकाऱ्यांस डॉ. लोहियांची आठवण करून द्यावी लागते हे दुर्दैव. फावडे, मतपेटी आणि तुरुंग ही तीन साधने त्यांनी एकत्र सांगितली होती. मतपेटीचा नाद आपणांस पुष्कळ लागला, तुरुंगाच्या आठवणी आपण अधूनमधून काढतो. फावडे कोठे ठेवले आहे, हे बहुतेक शाखांना शोधावे लागेल.

आता हे फावडे कशा प्रकारचे हवे, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळ या गावी जावे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील मोठ्या पदाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे ते एक केंद्र. पाऊस बेताचा, जमीन कोरडवाहू, असे ते गाव. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुले कलबागांनी घेतली. या मुलांस बुद्धी नाही असे नसून, शाळेने त्यांच्या हातांस काम दिले नाही म्हणून त्यांचे डोके बंद पडले, असा त्यांचा सिद्धान्त होता. मुले वेल्डिंग करू लागली, विहिरीसाठी पाण्याचा शोध घेऊ लागली, मातीची व रक्ताची तपासणी करू लागली. जाळी व सिमेंट वापरून फेरोसिमेंटच्या टाक्या त्यांनी बनविल्या. त्रिकोणी सांगाड्याचे घुमट त्यांनी उभारले. 'पाबळ डोम' या नावाने ते ओळखले जातात, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरकडेही असे घुमट उभे राहिले.

कलबागांच्या पद्धतीचे मर्म आमच्या मते दोन गोष्टींत होते. एक, मुलांनी बनवलेली वस्तू खरी असे व गावातील कोणीतरी ती खरोखर वापरी. टाकी गळली तर गुण कापले जात नसत, शेजारीण येऊन विचारी. दुसरी गोष्ट, शिकविणारा निदेशक बहुधा तो व्यवसाय करणारा स्थानिक माणूसच असे. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाचा हा अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शालांत मंडळाने पर्यायी विषय म्हणून मान्य केला. आठवड्यातला एक दिवस, नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या मुलांसाठी. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे विभाग. २००३ मध्ये कलबाग निवर्तले. आश्रम चालू राहिला. म्हणजे आपणांस नवे काही शोधून काढावयाचे नाही. वाट पडलेली आहे, मंडळाची मान्यताही मिळालेली आहे. मात्र ही वाट खेड्यांतून गेली. कारखाने, भट्ट्या आणि चाळींच्या या पट्ट्यात ती वळवून आणणे एवढेच काम उरले आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. 'गवंड्याच्या मुलास गवंडीकाम शिकवा' असे म्हणणाऱ्यांचे हेतू या देशात शुद्ध नसतात, हे बहुजन समाजास अनुभवाने ठाऊक आहे. श्रीमंताच्या मुलास संगणक आणि कष्टकऱ्याच्या मुलास थापी, हा जातिव्यवस्थेचाच नवा पाठ ठरेल. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचविला, तोच समान शाळापद्धतीच्या शिफारशीबरोबर. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. समान शाळा कोणी आणल्या नाहीत, आणि कार्यानुभवाचे पुढे पुठ्ठ्याचे घर व लोकरीचा ससा झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून व्यावसायिक शिक्षण आणि दहा दप्तराविना दिवस आहेत. दहा दिवसांत मुलास सुतार, कुंभार दाखवून आणण्यास सहल म्हणतात.

तरीही या आक्षेपापुढे हात टेकून आपण केवळ पुस्तकी शाळेची मागणी करीत बसावे काय? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे असे सांगितले होते. शेतकऱ्याच्या मुलाने शेतकरीच राहावे, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर तो फुल्यांस ओळखत नाही असेच म्हणावे लागेल. कौशल्य आणि विज्ञान यांतील फरक येथे कामी येतो. सळई किती अंतरावर बांधावी हे मिस्त्री मुलास शिकवील, आणि उत्तम शिकवील. तेवढ्या अंतरावरच का, कमी केल्यास काय होईल, आणि कमी केल्याने कोणाचे किती पैसे वाचतात, हे शाळेने शिकवावयाचे. पहिले शिकलेला मुलगा चांगला कारागीर होईल. दुसरेही शिकलेला त्याहून पुष्कळ काही होऊ शकेल, अभियंतासुद्धा. आणि कारागीर राहिला तरी प्रश्न विचारणारा कारागीर राहील. प्रश्न विचारला म्हणून दुसऱ्या दिवशी त्यास कामावरून काढतील, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यासाठी संघटना हवी. आपल्या कामगार संघटनांनी मजूर नाक्याकडे वर्षानुवर्षे पाठ फिरवली, ही जमेची बाजू खासच नव्हे.

आता विटेकडे वळू. या पट्ट्यातील प्रत्येक भिंत विटेची. ती वीट येते कल्याण, भिवंडी, बदलापूर, वांगणी या परिसरातील भट्ट्यांवरून. दिवाळीनंतर ठाणे व रायगडच्या वाड्यांतून कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. उचलीचा हिशेब मात्र अजून मालकाच्या वहीत असतो. आईबाप माती तुडवितात, विटा थापतात. मूल कच्च्या विटा उलटते आणि शाळेच्या पटावर गैरहजर लागते. शाळेचे सत्र आणि भट्टीचा हंगाम यांत नेमके मूल हरवते. १९९० च्या दशकाच्या मध्यास श्रमजीवी संघटना व विधायक संसद यांच्या कार्यकर्त्यांनी ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' भरविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. जेथे मूल आहे तेथे शाळा नेली, ही त्यातील साधी आणि क्रांतिकारक गोष्ट. संघटनेच्या पुढील राजकारणाशी आपले मतभेद असतील, आहेतही. तथापि भोंगा शाळेचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आमच्या कल्पनेतील शाळेचा अभ्यास या विटेपासूनच सुरू होईल. हजारो वर्षांत तयार झालेली सुपीक माती भाजून आपण वीट करतो, वर कोळसा जाळतो. सिमेंटचीही तीच कथा. जगातील कर्बवायूच्या उत्सर्जनातील सुमारे आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. मग कमी विटांत, कमी सिमेंटमध्ये भिंत उभी राहील काय? राहील. जन्माने इंग्रज असलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर १९४५ मध्ये भारतात आले व पुढे केरळात स्थायिक झाले. त्यांनी विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडणारी 'रॅट-ट्रॅप' रचना रूढ केली. तीत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे उन्हाळ्यात खोली तापत नाही. या कामाच्या प्रसारासाठी १९८५ मध्ये 'कॉस्टफोर्ड' ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे नेतृत्व केले ते केरळचे माजी मुख्यमंत्री, कम्युनिस्ट नेते सी. अच्युत मेनन यांनी. मुख्यमंत्रिपद भूषविलेला नेता निवृत्तीनंतर विटांच्या रचनेत लक्ष घालतो, आणि आपला शाखाप्रमुख म्हणतो की हे पक्षाचे काम नव्हे.

शिकविण्यास माणसे कोठून आणावी, असे विचारणाऱ्याने अंबरनाथ स्टेशनबाहेर तासभर उभे राहावे. आयुध निर्माणीत, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत, रसायनांच्या कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले लेथचालक, फिटर, प्रयोगशाळा साहाय्यक येथे आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माण मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. त्या निर्णयाविरुद्ध घोषणा देताना आपण या कामगारांस बोलावले. त्यांच्या बोटांत जे ज्ञान आहे त्यासाठी त्यांस कधी बोलावले काय? त्याच अंबरनाथात वालधुनीच्या काठी शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, काळ्या पाषाणातील शिवमंदिर आहे. आपण शिलाहार राजाचे नाव सांगतो. पाथरवटाची विद्या कोठे गेली हे विचारीत नाही. शाळेची मुले त्या देवळाच्या भिंती मोजतील, दगडावर दगड कसा बसला आहे हे पाहतील आणि मग दहा पावले चालून वालधुनीचे पाणी बाटलीत भरतील.

खरी कसोटी येथूनच लागेल. मातीची वीट करणारी शाळा सर्वांस आवडते. मंत्री तिचे उद्घाटन करतील. पण जी मुले स्लॅबचा नमुना तपासण्यास शिकतील ती आपल्याच इमारतीचा पोपडा घेऊन वर्गात येतील. जी आम्लता मोजण्यास शिकतील ती वालधुनीत कोणत्या नाल्यातून काय येते हे वहीत लिहितील. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत टँकरने सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो लोक गुदमरून रुग्णालयात गेले, तेव्हा पंचनामा दुर्घटनेनंतर झाला. वहीत रोजची नोंद असती तर? आणि उल्हास नदीच्या पूररेषेत बदलापूरला कोणाची संकुले उभी आहेत, हे मुलांनी नकाशावर काढले तर? जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले, ते पाणी कोणास अनपेक्षित होते?

अशी शाळा ज्यांच्या डोळ्यांत सलेल ते तिला उघडपणे विरोध करणार नाहीत. मध्य प्रदेशात काय झाले ते पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९७८ पासून तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. खेड्यातील मुले स्वतः प्रयोग करीत, परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहीत. देशभरच्या शास्त्रज्ञांनी त्यास हातभार लावला. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये एका सरकारी आदेशाने बंद झाला. शास्त्रज्ञांनी निवेदने काढली, लेख लिहिले. निर्णय फिरला नाही. चांगल्या कार्यक्रमामागे संघटित पालक आणि त्यांच्या मागे राजकीय बळ नसले की काय होते, हे होशंगाबादने दाखविले. पक्षाने शाळा चालविण्याची गरज नाही. ती कोणी बंद करू धजणार नाही इतके बळ तिच्यामागे उभे करणे हे पक्षाचे काम आहे आणि ते दुसऱ्या कोणाला जमणारे नाही.

त्याचबरोबर एक सावधगिरी हवी. ही शाळा सरकारास मोकळे करणारी नसावी. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक शाळा दत्तक देण्याची योजना काढली आणि देणगीदाराचे नाव शाळेस जोडण्याची मुभा दिली. लोकांच्या सहभागाचा हा विपर्यास आहे. म्हणून स्वतंत्र खाजगी संस्था न काढता, पालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या चालू शाळेतच हे काम व्हावे असा आमचा आग्रह आहे. शिक्षकाचा पगार सरकारने द्यावा, इमारत पालिकेने राखावी; निदेशक, अवजारे आणि खरी कामे वस्तीने पुरवावीत. पैशाचा प्रश्न निघेल. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर निदान एक टक्का उपकर लावला. देशभर साठलेला हा निधी खर्चच होत नाही याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांस खडसावले होते. बदलापुरात २००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्या एक लाखाच्या आतून पावणेदोन लाखांच्या घरात गेली. एवढ्या घरांवरचा उपकर थोडाथोडका नसतो. तो ज्यांच्या घामाचा आहे त्यांच्या मुलांच्या कर्मशाळेसाठी मागण्यात संकोच कसला?

भाषेचा मुद्दा जाता जाता नोंदवितो. उल्हासनगरच्या वर्गात सिंधी, हिंदी, मराठी, भोजपुरी अशा भाषा बोलणारी मुले एकत्र येतील. 'गुणोत्तर' हा शब्द फळ्यावर लिहिला की निम्मा वर्ग गप्प होतो. एका घमेल्यास चार घमेली म्हटले की कोणासही समजावून सांगावे लागत नाही.

पुढील कामे फार मोठी नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील शाखांनी प्रत्येकी एक पालिका वा जिल्हा परिषद शाळा निवडून मुख्याध्यापकांशी बोलावे. नाक्यावरील दोन मिस्त्री आणि निवृत्त कामगारांपैकी दोघे आठवड्यातून एक दिवस देण्यास तयार आहेत काय, ते विचारावे. पाबळला चार कार्यकर्ते व दोन शिक्षक पाठवून आठ दिवस तेथे काम करावयास लावावे. भाषणे ऐकून परत येऊ नये. भट्ट्या दिवाळीनंतर लागतील. त्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील भट्ट्या मोजून, कोणत्या वाडीतून किती मुले येतात याची नावनिशीवार यादी करून ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी, पोच घ्यावी, आणि हंगाम सुरू झाल्यावर ती मुले कोणत्या पटावर आहेत हे विचारण्यास पुन्हा जावे.